खोटं काय ते सरकारने ठरवू नये. ते पसरतं कसं, याचे नियम मात्र हवेत

एका गावातल्या माध्यमिक शिक्षकांनी मला विचारलं आहे: "मी गावातल्या तीनशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. मागच्या आठवड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ ग्रुपवर आला. दुसऱ्या दिवशी चादरी विकायला आलेल्या दोघांना लोकांनी पारावर बसवून ठेवलं. पोलीस वेळेवर आले म्हणून निभावलं. सरकार सोशल मीडियावरच्या खोट्या माहितीविरुद्ध कडक कायदा का करत नाही? आणि उद्या काही विपरीत घडलं, तर अ‍ॅडमिन म्हणून मी अडकेन का?"

सर, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तुमची खरी काळजी तिथे दिसते आहे. दुसऱ्या कुणी टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ अ‍ॅडमिन आहात म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. अ‍ॅडमिन आणि मजकूर टाकणारा यांचा आधीपासून एकच बेत होता असं दिसलं, तर गोष्ट वेगळी. पण तो व्हिडिओ तुम्ही स्वतः पुढे पाठवला असेल, तर अ‍ॅडमिन म्हणून नव्हे, पाठवणारे म्हणून तुम्हाला जाब विचारला जाऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली लोकांत घबराट पसरवणारी खोटी माहिती किंवा अफवा पसरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. खरं समजून, सद्भावनेने पाठवलेल्या मजकुराला त्या कलमात अपवाद आहे. जुन्या दंड संहितेत हेच कलम ५०५ क्रमांकाने होतं. म्हणजे कायदा नाही असं नाही. तो कित्येक दशकं आपल्याकडे आहे.

मग तो पुरत का नाही, हा तुमचा खरा प्रश्न. मी चौदा वर्षं उत्तर महाराष्ट्रात जिल्हा बातमीदार होते आणि २०१७पासून व्हायरल मजकुराची पडताळणी करते. या कामात माझं एक मत हळूहळू पक्कं झालं: सरकारने नियमन करावंच, पण ते पसरण्याच्या यंत्रणेचं आणि त्यातून पैसा कमावणाऱ्या कंपन्यांचं. अमुक वाक्य खरं की खोटं, हा शिक्का सरकारच्या हातात जाऊ नये. स्वतः सरकारविषयीच्या वाक्यावर तर मुळीच नाही.

या मताची सुरुवात राईनपाड्यापासून झाली. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या या गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, भिक्षेवर गुजराण करत गावोगाव फिरणारी ही माणसं. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारलं. पाचही जण गेले. त्यानंतर गाव ओस पडलं, पुरुष घरं सोडून पळाले.

त्याच दिवशी मालेगावातही हीच अफवा होती. परभणीकडून आलेल्या पाच जणांना जमावाने घेरलं. त्यांत दोन वर्षांचं एक मूल होतं. तिथल्याच एका माणसाने त्यांना घरात घेतलं, पोलीस पोहोचले आणि त्यांनी पाचही जणांना जिवंत बाहेर काढलं. अफवा तीच, दिवस तोच, कायदाही तोच. फरक पडला तो एका उघडलेल्या दारामुळे आणि पोलिसांच्या धावेमुळे. शिक्षा तीनऐवजी सात वर्षं केली असती, तर राईनपाड्याच्या जमावातल्या कुणाचा हात थांबला असता, असं मला वाटत नाही. त्या जमावातल्या प्रत्येकाला आपण गावातली मुलं वाचवतो आहोत असं वाटत होतं.

त्या आठवड्यात साक्री तालुक्यातल्या एका पाड्यावर मी एका आजींशी बोलले होते. त्यांच्याकडे फोन नव्हता, घरातही एकच साधा फोन होता. तरी टोळीत किती माणसं आहेत, गाडीचा रंग कोणता, सगळं त्यांना पाठ होतं. "कुणी सांगितलं?" म्हटल्यावर म्हणाल्या, "सगळेच सांगताहेत." तो मजकूर फोनवरून बाजारात, बाजारातून पाण्याच्या टाकीवर आणि तिथून चुलीपर्यंत पोहोचला होता. एकदा तो असा तोंडी झाला की कंपनीने डिलीट केला काय आणि पोलिसांनी गुन्हा दाखल केला काय, आजींपर्यंत त्यातलं काहीच पोहोचत नाही. म्हणून जे काही करायचं ते आधीच्या टप्प्यावर, मजकूर फोनवर असतानाच करावं लागतं.

त्या दिवसांत फिरलेले दोन व्हिडिओ मला फ्रेमगणिक आठवतात. एकात मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून पसार होतात. छोटी क्लिप, आवाज खराब, चित्र वरून घेतलेलं. मी ती थांबवत थांबवत पाहिली. रस्ता, घरांची ठेवण, मुलांचे कपडे बघून हे आपल्याकडचंच कशावरून, अशी शंका आली. मग एकेक फ्रेम काढून त्या चित्रावरून इंटरनेटवर उलट शोध घेतला, तेव्हा मूळ फिल्म सापडली. ती कराचीतल्या एका बालसुरक्षा मोहिमेची जाहिरात होती. मुळात ती पुढे चालू राहते: मोटारसायकल वळून परत येते, मुलाला होतं तिथे उतरवते आणि मागे बसलेला माणूस हातातला फलक उलगडून दाखवतो. मूल पळवायला क्षणभर पुरतो, लक्ष ठेवा, असा त्याचा आशय. कुणीतरी तेवढाच शेवट कापला होता. नारायणराव पेशव्यांच्या कथेत 'ध'चा 'मा' झाला, तसंच हे. एक अक्षर बदललं की वाचवायला काढलेला निरोप मारायला निघतो. दुसऱ्या व्हिडिओत रांगेत ठेवलेली लहान मुलांची प्रेतं होती, आणि सोबत मालेगाव-धुळे भागात मुलं पळवून त्यांचे अवयव काढतात असं सांगणारा आवाज. ती दृश्यं सीरियातली, २०१३च्या रासायनिक हल्ल्यानंतरची.

पहिली क्लिप शोधून, खात्री करून, लिहून प्रसिद्ध करायला मला दुपार ते रात्र लागली. तोवर ती क्लिप कुठच्या कुठे पोहोचली होती. पडताळणीचं काम मी मनापासून करते, पण अफवेच्या वेगापुढे ते बहुतेक वेळा वरातीमागून घोडं असतं, हे वाचकांना मी नेहमी सांगते. म्हणून सगळा भार पडताळणीवर टाकून सरकारने आणि कंपन्यांनी मोकळं होऊ नये.

आता नियमन कुठे लागू पडलं ते बघा. राईनपाड्यानंतर दोनच दिवसांनी केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सअ‍ॅपला जाहीर समज दिली. त्याच महिन्यात फॉरवर्ड केलेल्या मजकुरावर तशी खूण दिसू लागली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटमध्ये पाठवण्याची मर्यादा आली. फोटो-व्हिडिओंच्या शेजारचं पटकन फॉरवर्ड करण्याचं बटणही भारतात काढलं गेलं. जानेवारी २०१९मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात, खूप वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं गेलं. त्यानंतर असे मेसेज सुमारे ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनेच सांगितलं. आकडा कंपनीचा आहे, हे लक्षात ठेवूनच तो घ्यावा. पण यात कुठलाही मेसेज खरा की खोटा हे कुणालाही ठरवावं लागलं नाही. कुणाच्या घरी पोलीस गेले नाहीत, कुणाचं मत दाबलं गेलं नाही. नळाची तोटी बारीक केली, एवढंच. सरकारने दट्ट्या लावला आणि कंपनीने आपली यंत्रणा बदलली. मला हवं आहे ते नियमन या जातीचं. माझी तक्रार एवढीच की हे कंपनीच्या मर्जीवर झालं. उद्या तिने मर्यादा पुन्हा सैल केली, तर तिला अडवणारा नियम आपल्याकडे नाही.

याने सगळं थांबलं असं नाही. १६ एप्रिल २०२०च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाकडून मारले गेले, त्याआधी त्या भागात चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या. पुढे त्याच घटनेला धार्मिक रंग देणारा मजकूर इतका फिरला की अटक झालेल्या १०१ जणांची यादी राज्याच्या गृहमंत्र्यांना प्रसिद्ध करावी लागली. सप्टेंबर २०२२मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली. भिक्षेकरी, फेरीवाले, भटके, परभाषक, म्हणजे ज्यांना गावात ओळखणारं कुणी नाही, तेच दर वेळी बळी पडतात. हे मी आकस्मिक मानत नाही. म्हणूनच तुमच्या गावच्या त्या दोन चादरीवाल्यांविषयी वाचून माझ्या पोटात गोळा आला.

आता उलट बाजू, कारण 'कडक कायदा' या शब्दांची मला भीती वाटते. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदविषयी चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या 'लाइक' केल्या. दोघींना अटक झाली. त्या ओळींत खोटी माहिती नव्हती, मत होतं. त्या अटकेमागे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ होतं. त्यात 'उपद्रव', 'गैरसोय' असे कुठेही ताणता येतील असे शब्द होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवलं. इतकं होऊनही देशात त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे दाखल होतच राहिले, आणि जुलै २०२१मध्ये न्यायालयाला त्यावर धक्का बसल्याचं बोलून दाखवावं लागलं. कायद्यातला सैल शब्द ठाणे अंमलदाराच्या टेबलावर काय होतो, हे मी बातमीदारीच्या काळात जवळून पाहिलं आहे. वरून फोन आला की कलम शोधलं जातं. फोन आला नाही, तर फिर्यादीला ताटकळत ठेवलं जातं.

दुसरं उदाहरण अलीकडचं, आणि तेही मुंबईत निकाली निघालेलं. एप्रिल २०२३मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर 'बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा' आहे, हे केंद्रानेच नेमलेला तथ्य तपासणी कक्ष ठरवणार होता. त्याने बोट ठेवल्यावरही सोशल मीडिया कंपनीने मजकूर तसाच ठेवला, तर लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी तिला जबाबदार न धरण्याचं कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होतं. विनोदी कलाकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड वगैरे उच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ला निकाल विभागला गेला: न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी दुरुस्ती रद्द ठरवली, न्यायमूर्ती नीला गोखले यांनी वैध. मार्चमध्ये केंद्राने आपल्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) कक्षाला हा अधिकार देणारी अधिसूचना काढली आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. सप्टेंबरात तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी पटेल यांच्या बाजूने मत दिलं आणि दुरुस्ती रद्द झाली.

मला हा निकाल योग्य वाटतो, आणि त्याचं कारण माझ्या रोजच्या कामात आहे. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात साफ खोटं फार थोडं असतं. फोटो खरा पण सात वर्षांपूर्वीचा, भाषण खरं पण मधलं वाक्य उडवलेलं, आकडा खरा पण दुसऱ्या राज्याचा, असंच बहुतेक असतं. समजा, एखाद्या तालुक्यात सरकारी योजनेचा हप्ता दोन महिने आला नाही आणि एका बाईने लिहिलं, "योजना बंद पडली." हे खोटं आहे का? शासन निर्णय बघितला तर खोटं. तिच्या बँक पासबुकात बघितलं तर खरं. मी दोन्ही बाजूंना फोन करते आणि 'योजना चालू आहे, या तालुक्यात हप्ता थकला आहे' असं लिहिते. तोच निवाडा योजना चालवणाऱ्या खात्याकडे दिला, तर पासबुक कोण उघडून बघणार? तिची पोस्ट हटेल आणि थकलेल्या हप्त्याची बातमीही तिच्याबरोबर जाईल. कुंपणाने शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?

पत्र सूचना कार्यालयाचा हा कक्ष २०१९पासून काम करतो आहे, आणि बनावट नोकरभरती, खोट्या योजनांच्या वेबसाइट उघड्या पाडण्याचं त्याचं काम उपयोगी आहे. मीही ते वापरते. खात्याने आपली बाजू मांडावी, ठासून मांडावी. पण दुसऱ्याची बाजू पुसण्याचा अधिकार त्याला नसावा.

परदेशांकडे बोट दाखवलं जातं म्हणून थोडक्यात. सिंगापूरच्या २०१९च्या कायद्यात मंत्री स्वतः एखादं विधान खोटं ठरवून दुरुस्तीचा आदेश काढू शकतो. मला ते इथे नको. जर्मनीने २०१७च्या कायद्यात उघड बेकायदा मजकूर २४ तासांत काढा, नाही तर ५ कोटी युरोपर्यंत दंड, असं ठेवलं होतं. दंडाच्या धाकाने कंपन्या कायदेशीर मजकूरही उडवतील, अशी टीका तेव्हापासून झाली, आणि मला ती पटते. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यातून मात्र शिकण्यासारखं आहे. साडेचार कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी आपल्या रचनेमुळे समाजाला काय धोके होतात ते स्वतः तपासायचे, बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून तपासून घ्यायचे, संशोधकांना माहिती द्यायची, आणि हे टाळलं तर जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड. त्यातली एक अट मला फार महत्त्वाची वाटते: मजकूर तपासणारी माणसं युरोपातल्या कोणत्या भाषेसाठी किती आहेत, हे जाहीर करावं लागतं.

आपल्याकडे २०२१च्या नियमांखाली कंपन्या दर महिन्याला अहवाल देतात, पण मराठीसाठी किती माणसं बसवली आहेत, हे त्यांना सांगावं लागत नाही. अहिराणीत किंवा मालवणीत बोललेला, वरवर साधा वाटणारा भडकाऊ व्हिडिओ कोण ऐकतं? मी तक्रार केलेल्या मराठी मजकुरावर "आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही" असं छापील उत्तर इतक्या वेळा आलं आहे की तो कुणी मराठी जाणणाऱ्याने वाचला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. राज्य सरकारला खरंच काही करायचं असेल, तर केंद्राकडे ही एक मागणी लावून धरावी.

जाहिरातींबाबत तर मला जराही संकोच नाही. जानेवारी २०२४मध्ये सचिन तेंडुलकर यांचा बनावट व्हिडिओ एका गेमिंग अ‍ॅपची भलामण करताना फिरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला आपल्याच प्रमुखांच्या शेअर सुचवणाऱ्या बनावट व्हिडिओंबद्दल लोकांना सावध करावं लागलं. असा मजकूर पैसे भरून जाहिरात म्हणून चालतो, तेव्हा कंपनी नुसती वाहक राहत नाही. ती त्याचं भाडं घेते. जाहिरातदार कोण हे तपासणं, त्याची नोंद ठेवणं, आणि फसलेल्या निवृत्त माणसाच्या नुकसानीची जबाबदारी उचलणं, हे तिच्यावर कायद्याने लादलंच पाहिजे. यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा काही प्रश्न नाही, ही साधी फसवणूक आहे.

मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला हे कंपनीने शोधून द्यावं, अशीही तरतूद २०२१च्या नियमांत आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. पोलिसांची अडचण मला समजते. पण मला माहिती देणारा तलाठी कार्यालयातला माणूस, आश्रमशाळेतली स्वयंपाकीण, यांचा भरवसा एन्क्रिप्शनवर, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाही मेसेज वाचता येऊ न देणाऱ्या कुलपावरच आहे. ते कुलूप एकासाठी उघडलं, तर सगळ्यांसाठी उघडं राहील.

आणखी एक काम सरकारचं आहे, आणि त्याला कुठलाही कायदा लागत नाही: वेळेवर खरं सांगणं. फेब्रुवारी २०२०मध्ये चिकन खाल्ल्याने करोना होतो असा मजकूर फिरला आणि महाराष्ट्रातल्या कुक्कुटपालकांचा भाव पार कोसळला. लोकांनी पक्षी फुकट वाटले, जिवंत पुरले. तेव्हा जिल्ह्याच्या पशुधन अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी बाजारात उभं राहून, शास्त्रीय कारण सांगून, मराठीत बोलायला हवं होतं. खातं गप्प बसलं की त्या जागी अफवा येऊन बसते. अफवेविरुद्ध अजूनही सगळ्यात चांगलं चालतं ते पोलीस पाटलाचं तोंड, शाळेतली सूचना आणि घंटागाडीवरचा भोंगा. राईनपाड्यानंतर १७ जुलै २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं होतं. तुमच्या जिल्ह्यात तो कोण आहे, हे तुमच्या पोलीस पाटलांना माहीत आहे का, एवढं विचारून बघा.

आता त्या व्हिडिओचं. तो अजून ग्रुपवर असेल आणि काढता येत असेल, तर सगळ्यांसाठी काढून टाका, पण त्याआधी मूळ फाइल आणि आलेली तारीख-वेळ जपून ठेवा. स्क्रीनशॉट नको, त्यातून फ्रेम नीट निघत नाहीत. काढण्याआधी त्याच्या वर फॉरवर्डचे दोन बाण आहेत का तेही बघा. असतील तर तो पुष्कळ हात फिरून आला आहे. मग ग्रुपवर "तो व्हिडिओ खोटा आहे" एवढंच लिहून थांबू नका. कुठला आहे, कधीचा आहे, ते लिहा. तेवढं सापडलं नसेल तर "आपल्या ठाण्यात अशी एकही तक्रार नाही, मी स्वतः विचारलं" असं लिहा, आणि खरोखर विचारूनच लिहा. ज्यांनी तो टाकला त्यांना ग्रुपवर झापू नका, घरी जाऊन बोला. बहुधा त्यांच्याही घरात लहान मूल असेल. आणि ते दोघं चादरीवाले पुन्हा तुमच्या भागात येणार असतील, तर त्यांचं नाव-गाव पोलीस पाटलांकडे नोंदवून ग्रुपवर त्यांच्या परवानगीने त्यांचा एक फोटो टाका, खाली लिहा की ही माणसं चादरी विकतात, मी यांना ओळखतो. मूळ व्हिडिओ मला पाठवा. मी आजच बघायला घेते.